मालवण किनारा, पवनी बायपास

भिशी फुटली आणि वर बाराशे चाळीस उरले.
वाटले तर तीनशे दहा,
म्हणजे घरात शिरताच शून्य.
छन्नू म्हणाली, "खाऊन टाकू न वो."

म्हणून बाजार उठल्यावर
ताडपत्र्या दोरीनं आवळून
आम्ही चौघी बायपासनं चालत गेलो,
मुरमुऱ्यांची मी, मिरचीची दुर्पता,
बांगड्यांची छन्नू,
आणि मासोळीची रेवता, जी येतच नव्हती.
"तीस वर्स इकली. आता पैसे देऊन खाऊ?"
"हो. आज तू गिऱ्हाईक."

मालक लाखांदूरचा. भिंतीवर निळा समुद्र,
एक होडी, दोन नारळाची झाडं,
आणि रंगाऱ्याकडं जागा उरली म्हणून एक मोर.
पोऱ्या म्हणाला, "लेडीज लोकाईले मांगं केबिन हाये. पडदा हाये."
छन्नूनं पडदा हातात घेऊन पाहिला.
"कई धुतला होता?"
मग आम्ही दारासमोरच बसलो,
जिथून रस्त्यावरच्या मोटारसायकली दिसतात
आणि मोटारसायकलींना आम्ही.

कार्ड चिकट. मी मोठ्यानं वाचलं,
चौथीच्या वर्गात वाचायची त्या सुरात:
सुरमई. बांगडा. पापलेट. तिसऱ्या.
"बांगडा? म्हंजे माह्या दुकानातला?"
"तिसऱ्या कावून? पयल्या-दुसऱ्या सरल्या का?"
हसता हसता पाण्याचा गिलास कलंडला.

रेवता कार्डाची उजवी बाजू बघत होती.
अक्षरं येत नाहीत तिला, आकडे येतात.
"तीनशे वीस. एक नग."
ओठ हलत राहिले:
किती किलो रोहू, किती खवले,
दुपारच्या उन्हात हाकललेल्या किती माश्या.

पापलेट आलं. गोल, डोळ्यासकट,
रव्याचा झगा घातलेलं.
रेवतानं सवयीनं गालफड उचललं,
पोट दाबलं, बोट नाकाशी नेलं.
"कई निंगाला हा पान्यातून?"
"आजच आला बाई. एकदम फ्रेश."
"आला आज. निंगाला कई, ते इचारलं."
पोऱ्या किचनच्या दाराकडं बघायला लागला.
त्याच्या कानाच्या पाळ्या लाल.
"राहू दे," ती म्हणाली, "मीबी असंच सांगतो."

आणि शेपटीपासून डोक्यापर्यंत
एका ओढीत तिनं अख्खा काटा काढला,
विणलेलं उसवावं तसा.
आचारी झारा हातात घेऊन बघत उभा राहिला.
मांस तिनं आमच्या तीन ताटांत ठेवलं.
आम्ही ते परत तिच्या ताटात ठेवलं.
असं दोनदा झालं.
मग दुर्पता ओरडली, "खाय ना वं!"

पहिला घास तिनं बराच वेळ तोंडात फिरवला,
काटा शोधत.
"काटेच नाई याले," ती म्हणाली,
जणू कुणी मापात मारलं.
"पान्याची चव नाई. मिठाची हाये.
आपली बोटरी राहाती..."
पुढं बोलली नाही. धरण भरल्यापासून
बोटरी कुणाच्या जाळ्यात येते?
तिनं दुसरा घास घेतला. तिसरा मोठा घेतला.

गुलाबी कढीत दुर्पतानं बोटं बुडवलीच होती,
थोडक्यात वाचली.
हात धुवायचं लिंबू नंतर आलं, कोमट पाण्यात.
रेवतानं ते पिळलं नाही.
पुसून बटव्यात टाकलं.

बिल बाराशे नव्वद.
वरचे पन्नास रेवतानं पदराच्या गाठीतून दिले,
ओलसर नोट, खवल्यासारखी चिकटलेली.
मालकानं ती पंख्याखाली धरली,
मग गल्ल्यात ठेवली, बाकीच्यांपासून जराशी वेगळी.

शेवटची गाडी अड्याळची.
एरवी ती मागच्या सीटवर एकटी बसते,
शेजारची जागा गर्दीतही रिकामी राहते.
आज आम्ही चौघी तिथंच कोंबून बसलो,
आठही हातांना वास.
पुढच्या माणसानं खिडकी सरकवली.
कंडक्टर नाक मुरडत आला,
"मासोळी कोनापाशी हाये?"

"पोटात," रेवता म्हणाली.
"चार हाफ दे."